वीसपैकी अठरा आणि लॉन्ड्रीचं पाणी

परीक्षा या विषयावर मला कुणी काही शिकवू नये, असं माझं नम्र मत आहे. मी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त होईपर्यंत गठ्ठ्यांनी पेपर तपासले. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज मोठमोठ्या पदांवर आहेत. त्याअर्थी माझे मार्क बरोबर होते, असं मी धरून चालतो. जी मोठ्या पदांवर नाहीत, त्यांच्याबद्दल मला कुणी काही कळवलेलं नाही.

त्यामुळे त्या दिवशी बायको कार्यालयातून येऊन चपला न काढताच खुर्चीत बसली आणि "माझी परीक्षा आहे," म्हणाली, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी थोडा आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

ही पाणीपुरवठा कार्यालयात, बिल विभागात. पाण्याचे दर हिला पाढ्यांसारखे पाठ. पण हिचे वरिष्ठ नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. वरिष्ठ परिषदेला जाऊन आले की पुढे काही दिवस कार्यालयाच्या अंगात कसकस असते. या वेळच्या तापात असं ठरलं होतं, की बिल विभागातल्या प्रत्येकाला प्राथमिक प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे. कॉम्प्युटरवर परीक्षा, कॉम्प्युटरच तपासणार. पास होईल तो आपल्या टेबलावर राहील. नापास होईल त्याची बदली पंपिंग स्टेशनला.

पंपिंग स्टेशन म्हणजे गावाबाहेर, गाळणीच्या टाक्यांच्याही पलीकडे. तिथे पंपांचा आवाज एवढा, की माणसं दिवसभर खुणांनी बोलतात. हिच्या विभागातले एक गृहस्थ तिकडे वर्षभर होते. परत आल्यापासून ते घरात मीठ मागतात तेही शेजारच्या इमारतीत ऐकू जातं.

"मी तिकडे जाणार नाही," ही म्हणाली. "आणि नोकरी सोडणार नाही. निवृत्त व्हायचं तर माझ्या खुर्चीतून होईन, पंपाच्या शेजारून नाही. म्हणजे पास होणं एवढंच उरलं."

"मग त्यात काय! मी आहे ना."

"तुम्हाला कॉम्प्युटर कुठे येतो?"

"मला परीक्षा येते," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या इमारतीला कळली, कारण ही लिफ्टमधून येताना सोबत सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते जेवायच्या आधीच सल्ला घेऊन हजर झाले. "वहिनी, प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? सूचना! स्पष्ट शब्दांत सूचना लिहायच्या. मी सोसायटीत दुसरं काय करतोय?" त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. प्रोग्रॅमिंगचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता, पण सवयीने ते हिला म्हणाले, "अजिबात दुखणार नाही."

शेवटी मी माझ्या भाचीला फोन केला. ती कॉलेजात नवख्या मुलांना प्रोग्रॅमिंगच शिकवते. दर रविवारी सकाळी येऊन मामीला शिकवायचं तिने कबूल केलं. पहिल्या रविवारी ती आली, तर आमच्या दिवाणखान्यात मामीच्या शेजारी सेक्रेटरी आणि डॉक्टर पाट्या घेऊन बसावं तसे आपापले लॅपटॉप घेऊन बसलेले. डॉक्टरांना आपल्या दवाखान्यातल्या नंबरांचा गोंधळ सोडवायचा होता. सेक्रेटरींना काही सोडवायचं नव्हतं; इमारतीत काहीतरी चाललंय आणि आपण त्यात नाही, ही अवस्था त्यांना सोसत नाही एवढंच.

भाची शिकवते छान. थोडं सांगते, लगेच करायला लावते, लगेच बघते. पण तिची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. ती मार्कच देईना.

"अगं, किती दिलेस यांना?"

"काहीच नाही, मामा. सुरुवातीला मार्क दिले की माणूस मार्क बघतो, चूक बघत नाही. काय झालं, का झालं, आता पुढे काय करून बघायचं, एवढंच सांगायचं. आणि तेही ताबडतोब."

"आणि शिस्त?"

"ती पडद्यावरची लाल एरर लावते," भाची म्हणाली.

मी आतून दुखावलो. ज्या माणसाने पिढ्यांमागून पिढ्यांना मार्क दिले, त्याच्याच घरात, त्याच्याच पंख्याखाली, बिनमार्कांची शिकवणी चालावी! नशिबाने पुढच्याच आठवड्यात भाचीला कॉलेजच्या कामासाठी परगावी जावं लागलं. "मी रोजचे प्रश्न पाठवत जाईन," ती म्हणाली, "यांनी लिहायचे, चालवून बघायचे, काय होतंय ते मला कळवायचं."

"तपासायचं माझ्याकडे लागलं," मी म्हणालो. तिला गाडी पकडायची होती, म्हणून ती वाद घालत बसली नाही. इतिहासातले बरेचसे निर्णय असेच झालेले आहेत.

मी कामाला लागलो. लाल शाई आणली. कॉम्प्युटरचा पडदा मला तपासता येत नाही. त्यावर शेरा मारता येत नाही आणि मारलाच तर पुसता येत नाही. म्हणून तिघांनीही उत्तरं फुलस्केप कागदावर लिहून, समास सोडून माझ्याकडे द्यायची, असा नियम केला. भाचीने प्रश्नांबरोबर नमुना उत्तरं पाठवली होती. ती शेजारी ठेवून मी ओळीला ओळ ताडून पाही. नमुन्यातल्या वीस ओळींपैकी अठरा जुळल्या तर अठरा मार्क, ओळी पुढेमागे झाल्या तर उदार मनाने पूर्ण मार्क. पद्धतीचे मार्क वेगळे, नीटनेटकेपणाचे वेगळे. 'प्रयत्न स्तुत्य', 'विचार सुसंगत', 'अधिक वाचन हवे' असे शेरे मारताना निवृत्तीनंतर प्रथमच मला सकाळी भूक लागू लागली.

विद्यार्थीही खूश होते. प्रोग्रॅम चालवून बघायची कुणाला आठवणही झाली नाही. मार्क मिळाल्यावर आणखी काय बघायचं असतं?

मध्येच एक भानगड उपटली. सोसायटीच्या नियमांप्रमाणे राहत्या घरात शिकवणी घेता येत नाही. तशी कडक नोटीस मला आली. तिच्यावर सेक्रेटरींची सही होती, आणि ती आणून देणारे सेक्रेटरीच होते. "सर, काय करू, खुर्चीचा धर्म आहे," असं म्हणून त्यांनी नोटीस माझ्या हातात ठेवली, आणि लगेच चप्पल काढून शिकवणीला बसले. मी परवानगीचा अर्ज केला. तो त्यांनी सेक्रेटरी म्हणून घेतला आणि समितीची सभा होईपर्यंत राखून ठेवला. सभेला पुरेसे सभासद जमेनात, कारण समितीतले दोघे रविवारी सकाळी माझ्याकडे शिकवणीत असत: एक सेक्रेटरी, दुसरे डॉक्टर. शेवटी शिकवणीतच सभा भरली आणि शिकवणीला मंजुरी मिळाली. विरोधात कुणी नव्हतं. समितीत नसल्यामुळे हिला मत नव्हतं, पण चहा हिनेच केला.

भाचीचा फोन आला की मी प्रगती सांगत असे. एकदा ती म्हणाली, "मामा, त्यांना एकमेकांचे प्रोग्रॅम बघायला द्या. दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची कळते."

कल्पना उत्तम होती. फक्त ती कॉलेजातल्या मुलांसाठी होती, एका जिन्यात राहणाऱ्या माणसांसाठी नव्हती. मुलं वर्ग संपला की घरी जातात. आम्ही वर्ग संपला की एकमेकांच्याच घरासमोरून जातो. सेक्रेटरींची दाढ त्या आठवड्यात डॉक्टरांच्या ताब्यात अर्धवट कोरलेल्या अवस्थेत होती. त्यांनी डॉक्टरांच्या प्रोग्रॅमवर लिहिलं, 'निर्दोष. एकही शब्द बदलू नये.' डॉक्टरांच्या दवाखान्याची हसऱ्या दाताची पाटी मुख्य दारावर ठेवायची की काढायची, हे सेक्रेटरींच्या हातात होतं. म्हणून डॉक्टरांनी सेक्रेटरींच्या प्रोग्रॅमवर लिहिलं, 'भाषा ओघवती. वाचताना भारावून गेलो.' आणि हिच्या प्रोग्रॅमवर दोघांनी मिळून लिहिलं, 'अप्रतिम, वहिनी!' हिने त्या दोघांना 'छान' लिहिलं. इमारतीत सगळ्यात कडक शेरा तोच होता.

या पद्धतीने सगळेच पहिल्या वर्गात आले. मी निकाल खाली नोटीस फळ्यावर लावला. जिन्यात अनोळखी माणसं हिचं अभिनंदन करू लागली. हिच्याही चेहऱ्यावरचा ताण गेला होता. कार्यालयातल्या बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं असताना ही डबा उघडून शांतपणे जेवते, असं हिच्या मैत्रिणीने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मी आरशात बघून मिशीला पीळ दिला. मिशी नाही मला, पण प्रसंगच तसा होता.

परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली आणि भाची परतली. मी अभिमानाने तिच्यापुढे तपासलेला गठ्ठा ठेवला. तिने वरचे दोन कागद बघितले आणि विचारलं, "हे चालवलेत कुठल्या मशीनवर?"

"चालवायचे कशाला? तपासलेत ना मी."

भाचीने सेक्रेटरींचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर उतरवला आणि चालवला. तो चाललाच नाही. त्याची पहिली ओळ 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' अशी होती.

"पण याला मला एकोणीस आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

मग डॉक्टरांचा. तो चालला, पण थांबेना. 'दात दुखतो आहे का?' असं विचारी. 'हो' म्हटलं की पुन्हा 'दात दुखतो आहे का?'

"डॉक्टर, दुखतंय तोवर विचारत राहा, असं तुम्ही लिहिलंय," भाची म्हणाली. "पण दाताला मध्ये कुठेच हात लावलेला नाही. मग तो दुखायचा थांबणार कसा?"

डॉक्टर पडद्याकडे बघत पुटपुटले, "दुखणार नाही म्हटलं होतं मी."

शेवटी हिचा. हिचा प्रोग्रॅम पाण्याच्या बिलाचा. दहा युनिटपर्यंत साधा दर, दहाच्या वर मधला, तीसच्या वर सगळ्यात चढा. भाचीने पाच युनिट घातले, बिल बरोबर आलं. वीस घातले, बरोबर. माझा जीव भांड्यात पडत आला होता, तेवढ्यात तिने पन्नास घातले.

"मामी, पन्नास युनिट वापरणाऱ्या लॉन्ड्रीला तुम्ही मधल्या दराने बिल लावलंय."

ही उठून माझ्याजवळ आली. "तुम्ही मला अठरा दिले होते."

"दोन कापले होते की!"

"ते कशाचे?"

"शुद्धलेखनाचे," मी म्हणालो.

"पंपिंग स्टेशनला मी जाणार आहे," ही म्हणाली, "शुद्धलेखन नाही जाणार." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ही भांडी आपटत असती तरी चाललं असतं. आतून काहीच आवाज येत नव्हता, म्हणून मला भीती वाटली. हातातलं लाल पेन कुठे ठेवावं ते मला कळेना.

भाचीने आत जाऊन मामीला बाहेर आणलं. रागाने नव्हे, पण शिक्षिकेच्या आवाजात तिने नवे नियम सांगितले. कागद बंद. मार्क बंद. दुसऱ्याच्या कामावर 'अप्रतिम' लिहिणं बंद. लिहायचं असेल तर 'अमुक आकडा घातला तर काय होतं ते बघा' एवढंच लिहायचं. प्रोग्रॅम चालवायच्या आधी काय होईल ते तोंडाने सांगायचं, मग चालवायचा, आणि दोन्हींत फरक का पडला ते शोधायचं.

"आणि मी?" मी विचारलं.

"मामा, तुम्ही मामींच्या शेजारी बसायचं. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही. फक्त 'आता काय होईल असं वाटतं?' एवढं विचारायचं."

आयुष्यभर शिक्षक असलेल्या माणसाला उत्तर माहीत असताना ते सांगू नये, ही शिक्षा फार मोठी आहे. सुदैवाने मला उत्तर माहीत नव्हतं.

सगळा गुंता त्या लॉन्ड्रीपाशी होता. ही पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम वाची. "दहाच्या वर आहे का? असेल तर मधला दर. नसेल, तर तीसच्या वर आहे का? असेल तर चढा दर. बरोबर तर आहे! आमच्या कार्यालयात असंच चालतं. आधी लहान खिडकी, मग मोठी."

मी तोंडावर हात ठेवून बसलो होतो. भाची म्हणाली, "मग खिडक्याच मांडू या."

दिवाणखान्यात दोन खुर्च्या मांडल्या. पहिल्या खिडकीत सेक्रेटरी बसले, दुसऱ्या खिडकीत डॉक्टर. लॉन्ड्रीवाला मी झालो, पन्नास युनिटचा. हिच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलंय तेवढंच करायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, अशी ताकीद भाचीने दिली.

मी पहिल्या खिडकीपाशी गेलो.

"किती युनिट?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून विचारलं.

"पन्नास."

"दहाच्या वर आहेत. मधला दर. हे घ्या बिल, निघा."

मी निघालो. दुसऱ्या खिडकीत डॉक्टर बिचारे हात पुढे करून बसले होते.

"अहो, थांबा!" ही ओरडली. "तुम्ही पुढच्या खिडकीत जायला हवं!"

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणालो. "बिल मिळालं, मी कशाला जाऊ?"

"सेक्रेटरीसाहेब, मोठं गिऱ्हाईक आहे हे. पुढे नाही का पाठवायचं?"

"वहिनी, माझ्या खिडकीशी आलेला माणूस मी दुसऱ्याकडे का पाठवू?" सेक्रेटरी म्हणाले. "तसं लेखी कुठे आहे?"

मला विचारायचं होतं ते मी विचारलं, कारण तेवढीच परवानगी होती. "आता काय होईल असं वाटतं?"

"आमच्याकडे पहिल्या खिडकीबाहेर उभा असलेला शिपाई मोठी गिऱ्हाइकं बघून पुढे ढकलतो," ही सावकाश म्हणाली. "मी ते गृहीत धरलं. याच्यात शिपाईच नाहीये. जो दहाच्या वर आहे तो इथेच अडकणार. तिसाच्या वरचा पलीकडे कधी पोचणारच नाही." ती एकदम उभी राहिली. "डॉक्टर, उठा. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही उठा. जागा बदला. आधी मोठ्यांना विचारायचं!"

जागा बदलल्या. मी पुन्हा पन्नास युनिट घेऊन गेलो आणि डॉक्टरांनी मला चढा दर लावून परत पाठवलं. जन्मात पहिल्यांदा जास्त बिल आल्याचा मला आनंद झाला. मग मी वीसचा झालो, पाचचा झालो, आणि हिच्या सांगण्यावरून अगदी तीसचा आणि अगदी दहाचाही झालो. प्रत्येक वेळी ही आधी सांगे आणि मग बघे. पाय दुखायला लागले, पण कुणी सोडेना.

त्या आठवड्यात खरं सांगायची इमारतीत साथच आली. डॉक्टरांनी सेक्रेटरींना सांगितलं, की तुमच्या नोटिसा तीनदा वाचूनही पाणी येणार आहे की जाणार आहे ते कळत नाही. सेक्रेटरींनी डॉक्टरांना सांगितलं, की पाटीवरचा तुमचा हसरा दात बघून लहान मुलं लिफ्टऐवजी मागचा जिना धरतात. दोघे दोन दिवस बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी नोटीस तीन ओळींची आली आणि पाटीवरचा दात गंभीर झाला.

परीक्षेच्या दिवशी मी हिच्याबरोबर कार्यालयात गेलो. नवऱ्यांना आत प्रवेश नव्हता. बाहेर बाकावर माझ्यासारखे आणखी काही जण बसले होते. दार बंद झालं. आत काय चाललंय ते कळेना, आणि शेजारचे गृहस्थ मला पंपिंग स्टेशनजवळ घर भाड्याने मिळेल का विचारू लागले. थोड्या वेळाने एक बाई डोळे पुसत बाहेर आल्या. "पडद्यावर लाल अक्षरं आली," त्या म्हणाल्या, "म्हणून मी सगळं पुसून टाकलं." मग आणखी एक जण आले, त्यांनीही पुसून टाकलं होतं. मी बाकाची कड घट्ट धरली.

ही सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिच्या मागून वरिष्ठ आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"प्रश्नच वेगळा होता. बिल उशिरा भरलं तर दंड," ही म्हणाली. "पहिल्यांदा लाल आलं."

"मग?"

"मग वाचलं ते. कुठल्या ओळीत अडलंय ते लिहिलेलंच असतं हो त्यात. ओळ दुरुस्त केली. मग चालला, पण दंड चुकीचा येत होता. मनातल्या मनात खुर्च्या मांडल्या, तुम्हाला दोनदा फिरवलं. मग बरोबर आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पास."

वरिष्ठांनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी शिकवलं का तुम्हाला?"

"छे, भाचीने," ही म्हणाली. "हे शेजारी गप्प बसायचे."

"असं?" वरिष्ठ माझ्याकडे आदराने बघू लागले. "बाकीच्यांची फेरपरीक्षा घेतोय आम्ही. याल का? आमच्याकडे सगळेच सांगणारे आहेत. गप्प बसणारा एकही नाही."

मी विचार करून कळवतो म्हणालो. एवढी प्रतिष्ठा मला शाळेतही मिळाली नव्हती.

आम्ही बाहेर पडलो. बसथांब्यावर ऊन होतं, पण हिने सावली शोधली नाही. उभ्या उभ्या हसायला लागली. आधी थोडं, मग पदर तोंडाला लावून. तेवढ्यात एक बस कचकन येऊन थांबली. कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "पंपिंग स्टेशन, पंपिंग स्टेशन! चला बाई, जागा आहे, बसून जाल."

"नाही!" ही एवढ्या मोठ्याने म्हणाली, की थांब्यावरचे सगळे वळून बघायला लागले. "आम्हाला तिकडे जायचं नाहीये!"

"बरं बाई, ओरडता कशाला," असं म्हणत कंडक्टरने घंटी मारली, आणि ती बस वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं कौतुकाने बघत उभे राहिलो.